मृगातला धूसर ठिपका

ज्या आठवड्यात थ्री फेज वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात महागाव तालुक्यातली निम्मी वावरं जागी असतात. कुणी हरभऱ्याला ओलीत करत असतो, कुणी रोही आणि रानडुकरांच्या भीतीनं जागल करत असतो. नागपूर–तुळजापूर महामार्गावरचे दिवे एकदा मागे पडले की इथलं आभाळ अजून खरोखर काळं आहे. मी विज्ञान शिकवतो. जानेवारीतल्या अशा रात्री दहा बाय पन्नासची साधी द्विनेत्री गळ्यात अडकवून वावरात जातो आणि जो जागा भेटेल त्याला मृगातला एक ठिपका दाखवतो.

रात्री नऊच्या सुमाराला मृग डोक्याच्या जरा दक्षिणेला असतो. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधे व्याधानं मारलेला तीन ताऱ्यांचा बाण. त्या बाणाच्या खाली तीन फिकट ठिपके ओळीनं लटकलेले दिसतात. त्यातला मधला नीट बघा. तो ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, काचेवर फुंकर मारल्यासारखा पसरट दिसतो. तोच मृगातला तेजोमेघ. नुकत्याच जन्मलेल्या राक्षसी ताऱ्यांनी आपल्या भोवतालचा हायड्रोजन फोडून उजळवला, की असा मेघ तयार होतो. आपल्या आकाशगंगेत असे ज्ञात आणि संभाव्य मिळून आठ हजारांहून जास्त मेघ नोंदले गेले आहेत. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारा मात्र हा. त्यामुळे प्रश्नही यावरूनच निघतात, आणि त्या प्रश्नांमागचे गैरसमज मला वर्षानुवर्षं तेच ते भेटतात.

गैरसमज : मृग म्हणजे जून. मग हा जानेवारीत कसा?

हा प्रश्न शेतकरीच विचारणार, आणि तो अगदी रास्त आहे. सात-आठ जूनला ‘मृग निघाला’ की पेरणीचा जीव वर-खाली होतो. पण त्या दिवशी मृगात येतो तो सूर्य. सूर्य ज्या नक्षत्रात, ते नक्षत्र दिवसा त्याच्या सोबत वर चढतं आणि उजेडात बुडून जातं. म्हणजे ज्या पंधरवड्यात मृगाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, नेमका तेव्हाच तो दिसत नाही. सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला गेला की मृग रात्रभर आपला. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ या ग्रंथात वेदकाळ ठरवण्यासाठी आधार घेतला तो याच नक्षत्राचा. कोणत्या काळात वसंतसंपात मृगात होता, हे त्यांनी तपासलं होतं.

गैरसमज : तिथं काहीतरी जळतंय.

एका जागलीवरच्या काकांनी द्विनेत्री डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “सर, हे जळून राहिलं का तिथं?” शब्दांचा दोष म्हणायचा तर आपणच ‘धगधगता वायू’ असं लिहितो. पण जळायला ऑक्सिजनशी संयोग लागतो, आणि इथं तसला संयोग नाही. इथं चाललंय ते अणूंच्या पातळीवरचं फोडणं आणि जोडणं.

मेघाच्या मधोमध चार ठळक ताऱ्यांचा एक पुंजका आहे, त्याला ट्रॅपेझियम म्हणतात. त्यातला सर्वांत दांडगा तारा थीटा-वन ओरायनिस सी. वस्तुमान सूर्याच्या तिसेक पटींहून जास्त आणि पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३९ हजार अंश. सूर्याचं साडेपाच हजारांच्या घरात असतं. इतका तापलेला तारा बहुतेक शक्ती अतिनील किरणांत ओततो. ज्या किरणांची तरंगलांबी ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी, त्यांच्यात हायड्रोजनच्या अणूतला एकुलता एक इलेक्ट्रॉन उपटून काढण्याची ताकद असते. विहिरीतून बेडूक बाहेर फेकला जावा तसा इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. मागे उघडा प्रोटॉन राहतो. यालाच आयनीभूत होणं म्हणतात. शास्त्रज्ञ अशा मेघाला एच-टू क्षेत्र म्हणतात, ते याच फुटलेल्या हायड्रोजनवरून.

मोकळा इलेक्ट्रॉन भटकत राहतो. घनसेंटिमीटरला हजार कण असतील तिथं त्याला नवा प्रोटॉन सापडायला सरासरी शंभरेक वर्षं लागतात. सापडला की तो पुन्हा विहिरीत उतरतो, पायरी-पायरीनं, आणि प्रत्येक पायरीला थोडा प्रकाश सांडतो. तिसरीवरून दुसरीवर येताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश निघतो. मग एखादा अतिनील किरण येऊन त्याला परत बाहेर फेकतो. मेघाचा उजेड म्हणजे या अगणित उतरणाऱ्या पावलांचा उजेड.

हा मेघ कुठपर्यंत पसरतो, हे काकांना मी त्यांच्याच ओलितावरून सांगितलं. मोटारीचं पाणी ठरलेलं असतं. पाटातून ते सरीत शिरतं, जमीन ते पीत जाते. सुरुवातीला ओल झपाझप पुढं सरकते, मग हळू होते आणि एका जागी थांबते. जमीन जितकं पिते तितकंच मागून येतं, म्हणून. ओल्या आणि कोरड्या काळ्या मातीमधली रेघ किती ठसठशीत असते, ते बॅटरीच्या उजेडात आमच्या पायाशीच दिसत होतं. ताऱ्याभोवती हेच घडतं. तारा दर सेकंदाला ठरावीक अतिनील किरण सोडतो. आतले अणू पुन्हा-पुन्हा जुळतात, त्यांना पुन्हा-पुन्हा फोडण्यात ते किरण खर्ची पडतात, आणि जिथं सगळे संपतात तिथं आयनीभूत वायूची हद्द संपते. वायू दाट असेल तर किरण लवकर पिऊन टाकतो, मेघ लहान राहतो. विरळ असेल तर दूरवर पसरतो. डॅनिश–स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी १९३९ साली हा हिशेब मांडला. आजही या मेघांचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

काका बॅटरी त्या रेघेवर धरून उभे राहिले आणि म्हणाले, “मंग वीज गेली तर?” तारा विझला तर मेघ कसा मावळेल, हे मी पुस्तकात वाचलं होतं. हा प्रश्न इतक्या सरळ कुणी विचारलेला ऐकला नव्हता. उत्तर असं, की नवा किरण येणार नाही, सुटे इलेक्ट्रॉन एक-एक करून आपापला प्रोटॉन गाठतील आणि काही शतकांत उजेड विरून जाईल.

गैरसमज : ढग आहे म्हणजे दाट असणार.

आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये पंचवीसवर अठरा शून्यं, इतके रेणू असतात. मृगातल्या मेघाच्या दाट भागात तेवढ्याच जागेत दहा हजारांच्या आसपास कण, आणि कडेला त्याहून कितीतरी कमी. प्रयोगशाळेत पंप लावून काढलेली चांगली निर्वात पोकळीसुद्धा याच्यापुढे गर्दीची ठरते. तरी तो दिसतो, कारण तो वीस-पंचवीस प्रकाशवर्षं पसरला आहे, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. पहाटेचं धुकं हाताच्या अंतरावर जाणवत नाही, पण वावराच्या टोकाचं बाभूळबन त्यात बुडतं, तसं.

या मेघातल्या वायूचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात सांगितलं जातं, त्या आकड्याची भीतीही इथंच निकालात निघते. फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या वर तापलेली असते, तरी पोरांच्या हातावर पडून विझते, कारण ती इवलीशी असते. तापमान सांगतं कण किती वेगानं धावतात ते. भाजायला मात्र ते धावणारे कण पुरेसे असावे लागतात.

गैरसमज : फोटोतले रंग खोटे आहेत.

द्विनेत्रीतून राखाडी धुरकट डाग दिसला की मुलांचा चेहरा पडतो. त्यांनी मोबाइलवर गुलाबी-जांभळे मेघ पाहिलेले असतात. यात फसवणूक नाही. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि गडद लाल तर जवळजवळ दिसतच नाही. कॅमेरा कित्येक मिनिटं उजेड साठवतो, म्हणून हायड्रोजनचा लाल त्याला सापडतो. काही चित्रांत अवरक्त किंवा रेडिओ किरणांना सोयीसाठी रंग दिलेले असतात, ते मात्र जाणून घ्यावं.

मोठ्या दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना याच मेघात हिरवट झाक दिसते, आणि त्या हिरव्यानं शास्त्रज्ञांना त्रेसष्ट वर्षं चकवलं. १८६४ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता मोजक्या चमकत्या रेषा दिसल्या. म्हणजे मेघ वायूचा, हे तिथंच कळलं. पण हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ असं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं, की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. पृथ्वीवर कण इतके एकमेकांवर आदळतात की त्या अवस्थेला प्रकाश सोडायची फुरसतच मिळत नाही. मेघातल्या ओसाड एकांतात ती मिळते.

रेषांचा विषय निघाला की आपल्याकडे विजयदुर्गचं नाव येतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं सर्रास सांगितलं जातं. त्या ग्रहणात गुंटूरहून निरीक्षण केलं ते फ्रान्सच्या जान्सेन यांनी. लॉकयर यांनी त्या वर्षीची निरीक्षणं इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय केली. ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. विजयदुर्गचं महत्त्व यानं कमी होत नाही. फक्त साल आणि श्रेय नीट जागेवर बसतं.

गैरसमज : मोठा तारा जास्त जगतो.

इंधन जास्त, म्हणजे आयुष्य जास्त, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात भारी ताऱ्याच्या गाभ्यात दाब आणि तापमान इतकं असतं की तो आपला साठा बेसुमार उधळतो. सूर्याचं आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षं. थीटा-वन सीसारख्याचं काही दशलक्ष वर्षं. त्यामुळे असा तेजोमेघ दिसला की तिथं ताऱ्यांचा जन्म नुकताच झालाय, हे खात्रीनं समजावं. आकाशगंगेच्या वळणदार बाहूंचे नकाशे काढायला हे मेघ वापरतात ते याचसाठी. जन्मजागेपासून दूर जाण्याइतकं आयुष्यच या ताऱ्यांना नसतं.

गैरसमज : चमकणाऱ्या वायूतूनच तारे जन्मतात.

हा गैरसमज चांगल्या लेखांतही दिसतो. तारे जन्मतात ते गडद, गोठलेल्या रेणूमेघांत, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दहा-वीस अंश वर. तापलेला वायू फुगतो, तो आकुंचन पावून तारा होऊच शकत नाही. चमक म्हणजे जन्म झाल्यानंतरची खूण. किंबहुना हा नवजात दांडगा तारा आपली पाळणाघराची खोली मोडायलाच निघालेला असतो. तापलेला वायू सेकंदाला दहाएक किलोमीटरच्या वेगानं पसरतो आणि आजूबाजूचा थंड वायू ढकलून देतो. काही ठिकाणी त्या ढकलण्यानं काठावरचा वायू दाबला जाऊन तिथं तारे घडतात, हेही खरं. १९९५ साली हबल दुर्बिणीनं टिपलेले गरुड तेजोमेघातले प्रसिद्ध स्तंभ म्हणजे असेच झिजत चाललेले थंड वायूचे सुळके.

गैरसमज : खोडदच्या तबकड्या लहरी सोडतात, आणि पाऊस पळवतात.

मृगातला मेघ नशिबानं आपल्या जवळ, सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर आणि उघड्यावर आहे. बहुतेक एच-टू क्षेत्रं आकाशगंगेच्या धुळीत इतकी गाडलेली आहेत की दृश्य प्रकाश बाहेर येतच नाही. तिथं कामाला येते ती पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातली, नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागी एक चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर. सगळ्या मिळून पंचवीस किलोमीटर रुंद एकच दुर्बीण असल्यासारख्या काम करतात.

जवळ गेल्यावर पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती ही, की तबकडीतून पलीकडचं आभाळ दिसतं. तिला पत्रा नाही. स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे, भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. ती पकडते त्या लहरी वीस सेंटिमीटरपासून पुढं मीटरभर आणि त्याहून लांब. एवढ्या लांब लहरीला ती भोकं दिसतच नाहीत, ती आरशावरून परतावी तशी परतते. वारा मात्र जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च आटोक्यात. अशी युक्ती आपल्या मातीत, आपल्या गरजेतून सुचली याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

‘या तबकड्यांनी ढग पळतात का?’ हे मला महागावातही विचारलं गेलं आहे, खोडद इथून कित्येकशे किलोमीटर दूर असून. पाऊस हुकला की माणूस कारण शोधतो. त्या प्रश्नामागची तगमग मला समजते. पण दुर्बीण आभाळाकडे काहीही सोडत नाही. ती फक्त येणारं गोळा करते, पावसाचं पाणी पिंपात धरावं तसं. उलट तिलाच आपला त्रास होतो. मोबाइल, मोटारीच्या ठिणग्या, विजेच्या तारा यांचा गोंगाट तिच्या कामात येतो, म्हणून आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगतात. आणि ती काही ‘ऐकत’ही नाही. रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशच, फक्त डोळ्याला न दिसणारा. घरातला रेडिओ त्याचा आवाज करतो, म्हणून आपली गल्लत होते.

या लहरी धुळीच्या कणांपेक्षा प्रचंड लांब असल्यानं धूळ त्यांना अडवत नाही. मेघातला मोकळा इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतो आणि वळताना रेडिओ लहर सोडतो. ती किती तीव्र आहे यावरून आत किती वायू फुटलाय ते कळतं. त्यावरून किती अतिनील किरण लागले असतील, आणि त्यावरून आत केवढा तारा लपलाय, याचा अंदाज बांधता येतो. तारा न पाहता त्याचं वजन! टाटा संस्थेतल्या स्वर्णकांती घोष, देवेंद्र ओझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कितीतरी क्षेत्रं अभ्यासली. खोडदची रेडिओ निरीक्षणं, आणि जोडीला हैदराबादहून महाकाय फुग्याखाली बांधून हवेच्या बहुतेक थरांच्या वर नेलेली १०० सेंटिमीटरची अवरक्त दुर्बीण. पहिली तापलेला वायू दाखवते, दुसरी त्याच ताऱ्यांनी कोमट केलेली धूळ.

गैरसमज : तेजोमेघ म्हणजे ताऱ्याचं मरण.

काही तेजोमेघ तसे असतात. मृगाच्या शेजारी वृषभ राशीत खेकडा तेजोमेघ आहे, १०५४ साली स्फोट पावताना दिसलेल्या ताऱ्याचे अवशेष. बाळंतिणीची खोली आणि चिता यांत फरक कसा करायचा? रेडिओत तो स्वच्छ दिसतो. स्फोटाच्या अवशेषात इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात जवळपास प्रकाशाच्या वेगानं गरगरतात, आणि लहर जितकी लांब तितका तो मेघ अधिक उजळ दिसतो. एच-टू क्षेत्राची उजळी बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळपास सारखी राहते, आणि फार लांब लहरींना तर ते मंदावत जातं. म्हणून खोडदसारखी लांब लहरींची दुर्बीण या निवाड्यात मोलाची.

एक कोडं मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही. अगदी कोवळी, एका प्रकाशवर्षाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही लहान अशी एच-टू क्षेत्रं असतात. पसरण्याचा वेग पाहता या अवस्थेत त्यांनी दहाएक हजार वर्षंच राहायला हवं. पण १९८९ मध्ये वुड आणि चर्चवेल यांनी मोजणी केली तेव्हा ती अपेक्षेच्या दसपटीनं निघाली. पहिलीत मूल एकच वर्ष राहतं आणि तरी पहिलीचा पट दहा वर्गांएवढा भरावा, असं काहीसं. भोवतीचा दाट वायू त्यांना दाबून धरत असेल, किंवा ताऱ्यावर वायू कोसळतच राहिल्यानं मेघ मधूनमधून आकसत असेल, अशी उत्तरं पुढे आली आहेत. वाद चालू आहे.

काकांनी शेवटी विचारलं होतं, की आत्ता जे दिसतं ते आत्ताचंच ना. १३५० वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे तो. तेव्हा दख्खनवर वातापीच्या चालुक्यांचं राज्य होतं. काकांनी द्विनेत्री पुन्हा डोळ्याला लावली आणि मोटार बंद पडेपर्यंत खाली घेतली नाही.

मृग आता मार्च-एप्रिलपर्यंत संध्याकाळी दिसेल, मग पश्चिमेला बुडेल. मेच्या उकाड्यात अंगणात बाज टाकून झोपाल, तेव्हा मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे पाहा. विंचवाच्या नांगीच्या वर जरा डावीकडे, आकाशगंगेच्या दुधी पट्ट्यात एक डाग बाकीच्यापेक्षा किंचित उजळ दिसतो. तो लॅगून तेजोमेघ, चार हजारांहून जास्त प्रकाशवर्षांवरचा, असाच तरुण ताऱ्यांनी फोडलेला हायड्रोजन. ढग येण्याआधी, सूर्य मृगात शिरायच्या आत तो पाहून घ्यावा लागतो.